दोन कुलपांचं फाटक

भैरवपूर आणि करंजगिरी या दोन संस्थानांच्या हद्दीवर एक खिंड होती. खिंडीत जकात नाका होता आणि नाक्याच्या फाटकाला दोन कुलपं होती. एक भैरवपूरचं, एक करंजगिरीचं. भैरवपूरच्या कुलपाची किल्ली हंबीरराव जमादाराच्या कमरेला असायची आणि करंजगिरीच्या कुलपाची मोहिद्दीनच्या गळ्यात. दोघांनी आपापलं कुलूप काढल्याशिवाय साधी बैलगाडीसुद्धा पलीकडं जाऊ शकत नव्हती. एकदा मोहिद्दीन विहिरीवर अंघोळीला गेला होता, तर त्याचं अंग पुसून होईपर्यंत भैरवपूरच्या मामलेदाराचा टांगा उन्हात ताटकळला होता.

सेहेचाळीस सालच्या दसऱ्याला दोन्हीकडच्या राजांनी एका मांडवात बसून करार केला होता. लढाई संपली होती. इंग्रज आज जातो, उद्या जातो असं चाललं होतं, आणि तो गेल्यावर आपलं काय होणार या धास्तीनं ही लहान लहान संस्थानं एकमेकांच्या आधारानं उभी राहू बघत होती. भैरवपूर नदीकाठचं. काळी जमीन, शाळू, ऊस आणि लढाईत पलटणींना कांबळी पुरवून वाढलेला एक कारखाना. करंजगिरी तिकडं जतच्या अंगाला. माळ, मेंढरं आणि पाऊस झाला तर पिकणारी जमीन. तेव्हा ठरलं असं, की करंजगिरीनं आपली सगळी लोकर भैरवपूरच्या कारखान्याला द्यायची, दुसऱ्या कुणाला विकायची नाही. भैरवपूरनं त्याच्या बदल्यात लेव्हीत, म्हणजे शेतकऱ्यांकडून सक्तीनं, गोळा केलेला शाळू करंजगिरीला द्यायचा. दोन्ही राज्यांच्या बाहेर, इंग्रजी हद्दीत, धान्याचा दाणा जाऊ द्यायचा नाही. आणि दिल्लीशी जे बोलायचं ते दोघांनी मिळून, एका तोंडानं बोलायचं. राजांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली, बार उडाले, लोक जिलेबी खाऊन घरी गेले.

हंबीरराव त्या मांडवात बंदोबस्ताला होता. पस्तिशीचा गडी, मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईवर जाऊन आलेला. जमादार हा त्याचा पलटणीतला हुद्दा, पण गावात तेच त्याचं नाव होऊन बसलं होतं. मांडव रिकामा झाल्यावर मानसिंगरावांनी त्याला बाजूला घेतलं. मानसिंगराव म्हणजे महाराजांचे चुलतभाऊ आणि त्यांच्या खासगीचे कारभारी. महाराजांची शेतं, पागा, शिकारखाना, सगळं त्यांच्या हाताखाली. पलटणीतून परत आलेल्या हंबीररावाला नोकरी त्यांनीच दिली होती.

"नाक्यावर तुला बसवतोय," मानसिंगराव म्हणाले. "त्यांचाही एक माणूस बसेल. तो नाक्यावर लक्ष ठेवायला येतोय असं समजू नकोस. तो तुझ्यावर लक्ष ठेवायला येतोय."

"मग मी काय करायचं, रावसाहेब?"

"तू त्याच्यावर ठेव. हे माळावरचे लोक पोटाला चिमटा बसला की कुणाशीही सूत जमवतात. आपला शाळू घेतील आणि मागच्या दारानं विजापूरकडं विकतील. तेवढं फक्त मला कळव."

हंबीररावानं मान डोलावली. इटलीत त्यानं शत्रूपेक्षा दोस्तांचाच घोळ जास्त पाहिला होता. आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच खंदकावर पडलेले पाहिले होते. करार झाला म्हणून माणूस बदलत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

मोहिद्दीन पन्नाशी ओलांडलेला, उंच, वाकलेल्या खांद्यांचा माणूस. करंजगिरीच्या पागेत त्याची हयात गेली होती. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. नाक्याच्या चौकीत मधोमध भिंत घालून दोन खोल्या केल्या होत्या. एकीत हंबीरराव, दुसरीत मोहिद्दीन. चुली वेगळ्या, घागरी वेगळ्या. सकाळी दोघं समोरासमोर दात घासायचे आणि एकमेकांकडं बघून न बघितल्यासारखं करायचे. हंबीररावाचा शिपाई मोहिद्दीनच्या खोलीपुढं दोनदा घुटमळला, तर तिसऱ्या वेळेला मोहिद्दीन आतूनच म्हणाला, "आत या की. दार उघडंच हाय. हुडकायचं ते हुडका."

थंडीत करंजगिरीहून लोकर आली. गाठोड्यांनी भरलेल्या गाड्या दिवसच्या दिवस खिंडीतून उतरत राहिल्या. धनगर गाड्यांबरोबर चालत यायचे आणि फाटकाशी थांबून पलीकडं बघायचे, जसं काही तिकडून शाळूच्या गाड्या लगोलग निघणारच होत्या. फाल्गुनात भैरवपूरच्या गावोगावी शाळूची लेव्ही झाली. हंबीररावाच्या स्वतःच्या रानातला शाळूही गेला. लोक कुरकुरले, पण करंजगिरीच्या भुकेल्या माणसांसाठी आहे म्हटल्यावर गप्प बसले. मग चैत्रात गाड्या आल्या, आणि त्या इतक्या थोड्या होत्या, की मोहिद्दीन आपलं कुलूप हातात धरून बराच वेळ मोकळ्या रस्त्याकडं बघत उभा राहिला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"आलं त्येवढं आलं," हंबीरराव म्हणाला. "मागनं येतील."

मागून आल्या त्याही थोड्याच. भैरवपुरातून निरोप आला, की पीकच कमी आलं. हंबीररावाला ते पटलं नाही, कारण पीक कमी आलं नव्हतं, त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याचा संशय गेला तो दुसरीकडंच. आपण दिलंय भरपूर, आणि ह्या लोकांनी ते फाटकापुढं कुठंतरी वळवलंय, पुन्हा कांगावा करून जास्त मागतायत, असं त्यानं मनाशी बांधलं. मधल्या काळात तो आठवडाभर कोतवालीच्या कामाला भैरवपुरात होता. त्याच्या जागेवर बसलेल्या शिपायाला फसवून मोहिद्दीननं भरल्या गाड्या नोंद न करता पलीकडं काढल्या असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

खैरवाडी हे करंजगिरीच्या हद्दीतलं गाव. तिथं त्याची थोरली बहीण रंगूबाई दिली होती. एका सकाळी तो तिच्याकडं गेला. काय खरं, काय खोटं, ते बहिणीच्या चुलीवर कळेल असा त्याचा हिशोब.

रंगूबाईनं त्याला बघितलं आणि हातातला खराटा तसाच धरून उभी राहिली. "कशाला आलास? आमी जगलाव का मेलाव ते बघाया?"

"असं काय बोलतीस, आक्का?"

"मग कसं बोलू? तुज्या राज्यानं आमची लोकर न्हेली. ह्यांनी मेंढरं कातरून जोतिबाच्या नावानं गाडी भरून दिली. म्हणाले, शाळू येनार हाय. कुठं हाय शाळू?"

तिनं त्याला हुलग्याचं माडगं वाढलं. थाळ्यात भाकरी नव्हती. भावाला भाकरीशिवाय जेवू घालायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली असावी, कारण थाळा ठेवताना तिनं तोंड फिरवलं. तिचा नवरा आकाराम दाराशी बसून चातीवर लोकरीचं सूत कातत होता.

"आक्का, धान्य फाटकातनं पलीकडं गेलंय," हंबीरराव म्हणाला. "तुमच्याच मान्सांनी मधल्या मधी इकलं असंल. त्यो मोहिद्दीन हाय न्हवं, त्येच्यावर डोळा हाय माझा."

रंगूबाई फटकन वळली. "मोहिद्दीनभाई? त्या मानसानं पागेतल्या घोड्याचा हरभरा कधी घरी न्हेला न्हाई. आन् तू? तुज्या म्हाराजांच्या कारखान्यात आमच्या लोकरीची कांबळी व्हत्यात. कुनी कुनाला लुटलं, ते सांग की मला."

"मी का लुटारू हाय?"

"त्ये मला ठावं न्हाई. तू नाक्यावर बसतोस. तुज्या नाकाखालनं जातंय. येक तर तुला दिसत न्हाई, न्हाईतर दिसूनबी तू गप बसतोस."

माडगं अर्धंच टाकून तो उठला. परत येताना माळावरच्या उन्हापेक्षा बहिणीचे शब्दच त्याला जास्त लागत होते. सख्खी बहीण आपल्याला चोराचा साथीदार समजते, हे त्याला सहन झालं नाही. आणि त्या रागात त्यानं ठरवलं, की मोहिद्दीनला पकडूनच तिच्यापुढं उभा करायचा.

पकडण्यासारखं होतंही काहीतरी. मोहिद्दीन दर मंगळवारी दुपारी नाक्यावरून निघून जायचा. बाजाराला जातो म्हणायचा, खांद्यावर पिशवी टाकायचा. पण संध्याकाळी परत यायचा तेव्हा पिशवी रिकामीच. बाजाराला गेलेला माणूस मिरचीकांदासुद्धा न घेता परत कसा येतो? हंबीररावानं ही गोष्ट भैरवपुरात जाऊन मानसिंगरावांच्या कानावर घातली.

मानसिंगराव पान लावत होते. त्यांचा हात थांबला. "मंगळवारी? कुठल्या बाजूला जातो?"

"बिरोबाच्या टेकडीकडं जातो, पर फुडं कुठं ते बगितलं न्हाई. म्या म्हनलं, एकदा मागनं जाऊन बगतो."

"नको." हे इतक्या पटकन आलं, की मानसिंगरावांनाच ते जाणवलं असावं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि सावकाश म्हणाले, "तुला नाक्यावरून हलवायचाच डाव असेल त्यांचा. तू गेलास की फाटक मोकळं. मंगळवारी तर तू तिथून हलूच नकोस. मी दुसरा माणूस लावतो."

हंबीरराव मुजरा करून बाहेर पडला. बोलणं तर बरोबर होतं. पण फाटकाला दोन कुलपं होती. मोहिद्दीन गेला की फाटक बंदच असायचं, मग ते मोकळं कसं होणार? अर्ध्या वाटेत हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो घोडं थांबवून रस्त्यात उभा राहिला. रावसाहेब घाईत बोलले असतील, असं म्हणून त्यानं ते मनातून काढायचा प्रयत्न केला. ते निघेना.

पुढच्या मंगळवारी मोहिद्दीन पिशवी घेऊन निघाला तेव्हा हंबीररावानं त्याला टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊ दिलं. मग फाटकावर दोन शिपाई बसवून तो ओढ्याच्या पात्रातून मागं निघाला. वैशाखातलं ऊन. ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता. पलटणीत शिकलेलं इथं कामाला आलं. करवंदीच्या जाळ्यांच्या आडून, वाकून, तो वर चढत गेला.

टेकडीच्या माथ्यावर बिरोबाचं ठाणं, आणि त्याच्या पलीकडं एक बाभळ. मोहिद्दीन त्या बाभळीखाली बसला होता. डोक्यावरची टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली होती. तो खाली बघत होता. हंबीररावाला वाटलं, आता हा फडकं हलवील, खाली कुणीतरी त्याची खूण बघत असेल. पण मोहिद्दीन काहीच करेना. नुसता बसून बघत राहिला. शेवटी हंबीररावानं त्याची नजर जिकडं होती तिकडं आपली नजर लावली.

खाली भैरवपूरच्या महाराजांचं शिकारीचं कुरण होतं. त्या कुरणातून एक वाट जायची, ती पुढं इंग्रजी हद्दीतल्या सडकेला मिळायची. त्या वाटेवर नाका नव्हता. महाराजांच्या खासगी रस्त्यावर नाका कोण बसवणार? आणि त्या वाटेनं कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या चार गाड्या सडकेच्या दिशेनं चालल्या होत्या. पहिल्या गाडीचे बैल हंबीररावानं लांबूनच ओळखले. पांढरे, उंच शिंगांचे. दसऱ्याच्या मिरवणुकीत झूल घालून ज्यांना पुढं काढायचे, तेच ते.

कडबा हलका असतो. ह्या गाड्यांची चाकं मातीत रुतत होती.

तो उठला आणि आडोसा सोडून उताराला लागला. मोहिद्दीननं त्याला बघितलं, दचकला, पण हाक मारली नाही. हंबीरराव धावत खाली गेला आणि पुढच्या गाडीपुढं उभा राहिला. गाडीवर गुंडा होता, खासगीतला जुना गाडीवान.

"काय हाय गाडीत?"

"कडबा, जमादार. शिकारखान्याच्या जनावराला." गुंडा हसला. "सरा बाजूला, ऊन लय झालंय."

"शिकारखाना मागं ऱ्हायला की रं. तू तर सडकंला चाललायस."

गुंडाचं हसू जागच्या जागी थिजलं. हंबीररावानं हातातली काठी दोन पेंढ्यांच्या मधून आत खुपसली. ती पोत्याला लागली. त्यानं जोर लावून फिरवली आणि ओढून काढली. काठीबरोबर शाळू बाहेर आला, टपोरा, पांढराशुभ्र, चाकाशेजारी मातीत त्याची धार लागली.

"आवं जमादार, आसं काय करताय?" गुंडा खाली उतरून कुजबुजला. "रावसाहेब म्हनले की, नाक्यावरचा जमादार आपलाच हाय. तुमाला ठावं हाय समदं, आसंच आमी धरून चाललाव."

हंबीररावानं खाली वाकून सांडलेला शाळू मुठीत घेतला. त्याच्या रानातला शाळूही ह्याच पोत्यांत असेल. गावोगाव लोकांच्या खळ्यावर उभं राहून त्यानं सांगितलं होतं, भुकेल्या मुलखाला चाललंय, हात आखडू नका. त्याच्याच तोंडानं सांगितलं होतं.

मागं पावलं वाजली. मोहिद्दीन येऊन थांबला होता, धापा टाकत.

"तुमाला ठावं हुतं?" हंबीररावानं न वळताच विचारलं.

"चैत्रापासनं. दर मंगळवारी ह्याच वाटंनं जात्यात."

"मग बोलला का न्हाईसा?"

"कुनाला बोलू?" मोहिद्दीन म्हणाला. "तुमाला? तुमी खासगीचे मानूस. मला वाटलं, तुमीबी त्यातलेच. आमच्या दिवाणाला सांगितलं, तर ते म्हनले, बगत ऱ्हा, आताच काई करू नकोस. का म्हनले, ते मला कळलं न्हाई."

हंबीररावानं त्याच्याकडं नीट बघितलं. सहा महिने शेजारी राहून त्यानं ह्या माणसाचे डोळे कधी पाहिले नव्हते. खरं बोलतोय की आणखी काही डाव आहे, हे त्या डोळ्यांतही कळेना. पण मातीत सांडलेला शाळू खरा होता.

"गुंडा," तो म्हणाला, "बैल वळीव."

"कुठं?"

"नाक्यावर. फाटकातनं करंजगिरीला."

गाड्या वळल्या. गुंडाचा जोडीदार मात्र गडबडीत कुरणात पळाला, तो थेट भैरवपूरला बातमी पोचवायला. गाड्या खिंडीत पोचल्या आणि थोड्याच वेळात मागून मोटारीचा आवाज आला. मानसिंगराव एकटेच होते. मोटारीतून उतरले ते रागावलेले दिसत नव्हते, उलट लहान मुलाची समजूत घालायला आल्यासारखे हळू चालत आले.

"हंबीर, इकडं ये," ते म्हणाले. "हे काय मांडलंयस?"

"रावसाहेब, करारात काय ठरलं हुतं?"

"करार!" मानसिंगराव हसले. "अरे, करार दोन राज्यांचा. राज्यंच राहणार नाहीत, तर करार कुणाचा? वर्ष-दीड वर्षात हे सगळं गुंडाळलं जाणार. राजवाडा जाईल, कोठार जाईल, तुझी-माझी नोकरी जाईल. त्याआधी जे हातात आहे ते हातात राहील एवढं बघायचं, बास. महाराजांच्या मुलाबाळांचा विचार कुणी करायचा?"

"आन् ही मान्सं?" हंबीररावानं पलीकडच्या माळाकडं हात केला. "माझी भन हाय तिकडं."

"तिच्या घरी दोन पोती मी पाठवतो. आजच." मानसिंगरावांनी आवाज खाली आणला, पण मोहिद्दीनला ऐकू जाईल इतपतच. "आणि तू ज्यांच्यासाठी हे करतोयस ते कोण धुतल्या तांदळाचे आहेत? ह्यांचा दिवाण गेल्या पंधरवड्यात मुंबईला जाऊन सरकारला भेटून आला. एका तोंडानं बोलायचं ठरलं होतं ना? तो एकटाच गेला. आमचं संस्थान आधी सामील करून घ्या म्हणून. विचार की ह्याला."

हंबीररावानं मोहिद्दीनकडं बघितलं. मोहिद्दीनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "खोटं असंल. खरंबी असंल. मला म्हाईत न्हाई."

बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. हंबीररावाला वाटलं, ह्यांतल्या कुठल्याच माणसाचा भरवसा धरवत नाही. रावसाहेबांचा नाही, त्या न बघितलेल्या दिवाणाचा नाही, ह्या मोहिद्दीनचाही नाही. मग त्याला बहिणीचा थाळा आठवला, भाकरी नसलेला, आणि तिनं फिरवलेलं तोंड. त्यानं कमरेची किल्ली काढली.

"विचार कर," मानसिंगराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "ते कुलूप काढलंस की भैरवपुरात तुला जागा नाही. जमीनही नाही."

हंबीररावानं कुलूप काढलं. मोहिद्दीन पुढं झाला आणि त्यानं आपलं काढलं. फाटक वर गेलं, गाड्या पलीकडं गेल्या. गुंडासुद्धा गेला, कारण त्याला आता मागं जायची भीती वाटत होती. मानसिंगरावांनी हात पुढं केला, तेव्हा हंबीररावानं किल्ली आणि कमरेचा पट्टा दोन्ही त्यांच्या हातावर ठेवली. रावसाहेब परत फिरले. त्यांनी दार आपटलं नाही की शिवी दिली नाही. मोटार निमूटपणे खिंडीतून उतरून गेली.

हंबीरराव गाड्यांबरोबर चालू लागला. घरी जायला तोंड नव्हतं, आणि शाळू कुठं जातो ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. दोन मैलांवर रस्ता फुटत होता. उजवीकडं करंजगिरीचं कोठार, डावीकडं गावं. मोहिद्दीननं पुढच्या बैलांचा कासरा डावीकडं ओढला.

हंबीरराव झटकन आडवा आला. "इकडं कुठं? कोठार तर तिकडं हाय."

"व्हय."

"मग?" त्याचा हात काठीवर घट्ट झाला. झालं, आता ह्याचा डाव उघडा पडतोय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

मोहिद्दीननं घाम पुसला. "जमादार, तुमच्या रावसाहेबांनी जे सांगितलं ते खरं असलं, तर? दिवाण मला बगत ऱ्हा म्हनले, ते कशापायी? सोतासाठी वाटा मागायचा आसंल म्हनून? कोठारात गेलेलं धान्य माझ्या हातात ऱ्हानार न्हाई. चावडीपुढं वाटलं तर लोकांच्या घरात तरी जाईल." त्यानं कासरा पुन्हा आवळला. "मला कोठडी व्हईल. पर तुमी काय आज नोकरी ठिवलीसा व्हय?"

हंबीरराव बाजूला झाला.

उन्हं कलताना गाड्या खैरवाडीच्या चावडीपुढं लागल्या. बातमी पसरली आणि माणसं पोती, टोपल्या, पदर घेऊन आली. कडब्याच्या पेंढ्या खाली टाकल्या, पोत्यांची तोंडं सोडली. मापाला मोहिद्दीन बसला. हंबीरराव शेजारी उभा राहून प्रत्येक माप बघत होता, आणि मोहिद्दीन मान वर करून त्याच्याकडं बघून हसला, तेव्हा त्याला थोडी शरम वाटली. पण तो तिथून हलला नाही.

रंगूबाई आली. तिनं पदर पसरला नाही. शाळूची मूठ भरली, दातांखाली एक दाणा फोडला आणि भावाकडं बघितलं.

"ह्येच्या बदल्यात काय मागनार हायस?"

"काई न्हाई, आक्का."

"काई न्हाई कसं?"

"माझी नोकरी गेली. जमीनबी जाईल. आजपासनं तुज्याकडं ऱ्हायाला आलोय."

ती बराच वेळ त्याच्या कमरेकडं बघत राहिली, जिथं पट्टा असायचा. मग तिनं पदर पुढं केला आणि मागं वळून आकारामला म्हणाली, "आवं, घरात जातं मोकळं हाय का बगा." त्या संध्याकाळी तिनं त्याला भाकरी वाढली, पण तोंडभर बोलली नाही. बहुतेक तिलाही अजून खात्री पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी करंजगिरीचे शिपाई आले आणि सरकारी धान्य परस्पर वाटल्याबद्दल मोहिद्दीनला घेऊन गेले. त्याला महिनाभर कोठडीत ठेवलं. भैरवपूरनं हंबीररावाची जमीन खालसा केली. करंजगिरीनं लोकर थांबवली, भैरवपूरनं फाटक बंद केलं, आणि दोन्ही राजांनी दिल्लीला तक्रारी धाडल्या, एकमेकांच्या विरुद्ध. दिवाण मुंबईला गेला होता हे खरं निघालं. भैरवपूरचाही एक माणूस त्याच्या आधीच जाऊन आला होता, हेही पुढं कळलं.

अठ्ठेचाळीसच्या मार्चात दोन्ही संस्थानं गेली. राजांना तनखे मिळाले. मानसिंगराव खादीची टोपी घालून निवडणुकीच्या खटपटीला लागले. हंबीररावाची जमीन परत मिळायला नव्या कचेरीत पुष्कळ खेटे घालावे लागले, पण मिळाली. पुढच्या वर्षी तो सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात आला, दक्षिण सातारा म्हणून, आणि करंजगिरीच्या माळावरून भैरवपूरच्या मळ्यात जायला कुणाला विचारायची गरज उरली नाही.

त्या साली हंबीरराव करंजगिरीच्या बाजाराला गेला. मोहिद्दीन कोपऱ्यात घोंगड्या मांडून बसला होता. कोठडीतून आल्यापासून तो जास्तच वाकला होता. हंबीरराव त्याच्यापुढं पटकुरावर टेकला.

"मोहिद्दीनभाई, एक इचारायचं हुतं. इकडची लोकर मी तिकडं घिऊन जातो, तिकडचा शाळू इकडं आनतो. तुमी हितनं बगायचं, मी तिथनं. दोघं मिळून. काय म्हनता?"

मोहिद्दीन घोंगडीची दशी बोटानं ओढत राहिला. "हे तुमाला कुनी सांगितलं? कुनाच्या डोक्यातनं आलं?"

"माझ्याच."

"तुमच्यामागं कोन हाय?"

"कुनी न्हाई." हंबीरराव हसला. "खरं सांगू? त्या दिवशी मापाला तुमी बसला हुतासा ना, तवा मी शेवटच्या पायलीपतुर तुमच्यावर डोळा ठिवून हुतो."

"मला म्हाईत हाय," मोहिद्दीन म्हणाला. "मीबी फाटकाशी तुमच्या हाताकडंच बगत हुतो. कुलूप काढल्यासारखं करतील आन् परत लावतील, असं मला शेवटाला वाटलं हुतं." त्यानं घोंगडीची दशी सोडली. "तुमच्या भनीला इचारलंसा?"

"तिनंच धाडलंय."

मोहिद्दीन पहिल्यांदा मोठ्यानं हसला. शेजारचा तांबोळी वळून बघू लागला. "मग बगू," तो म्हणाला. "दोन दिस जाऊ द्या. माझ्या मुलग्याला इचारतो. धनगरांनाबी इचारतो. तुमी परवा परत या."

हंबीरराव उठला, कपडे झटकले. परवा यायचं त्यानं कबूल केलं. निघताना त्यानं एक घोंगडी उचलून तिचं वजन हातात तोललं, उजेडात धरून वीण बघितली, आणि मोहिद्दीन त्याच्याकडं बारीक डोळे करून बघत राहिला.